दोनशे तीस पाट्या : सेंद्रिय शेतीच्या पुस्तिकेच्या कामाच्या नोंदी

६ जानेवारी

पुस्तिकेच्या कामाला आज सुरुवात झाली. आम्ही तिघं आहोत. एक सहकारी शेतीशास्त्र शिकलेले, एक मैत्रीण बचतगटांबरोबर वर्षानुवर्षं काम केलेली, आणि लिहायला मी. पाने चौसष्ट, अक्षर मोठं. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावं आणि बाकीच्यांनी ऐकता ऐकता अडवावं, अशी ती हवी. वाचक कोण हे पक्कं आहे: एकर-दोन एकरवाले, दुसऱ्याचं रान वाट्याने करणारे आणि ज्यांच्या नावावर जमीनच नाही असे.

जगात ६० कोटींहून अधिक शेतं आहेत. त्यांतली ८४ टक्के दोन हेक्टरहून लहान, आणि एवढ्या सगळ्यांच्या वाट्याला एकूण शेतजमिनीतली जेमतेम १२ टक्के. हा आकडा पहिल्या पानावर घ्यायचा ठरलं. आपण एकटेच तोकड्या जमिनीवर उभे नाही, एवढं तरी वाचणारीला कळावं.

प्रकरणं नऊ. पहिलं कंपोस्टचं, कारण ते सगळ्यांत सोपं, असं आम्हाला वाटलं.

११ जानेवारी

कंपोस्टचं प्रकरण एका बैठकीत लिहून झालं. या विषयावर माझा जीव आहे, त्यामुळे हात भरभर चालला.

इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इंदूरच्या शेती संशोधन संस्थेत होते. तिथे त्यांनी काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर लावून, तीनदा उलथापालथ करून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसवली. ती इंदूर पद्धत म्हणून जगभर गेली. १९३१च्या मूळ पुस्तकावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचंही नाव आहे. ते नाव फार कमी ठिकाणी येतं. आमच्या पुस्तिकेत येईल. शिवाय हॉवर्ड स्वतः पुन्हा पुन्हा लिहीत राहिले की आपण शिकलो ते शेतकऱ्यांकडे बघून. ते वाक्यही चौकटीत टाकलं.

रीत अशी लिहिली: कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) यांचं प्रमाण पंचवीस-तीसास एक असं यावं. नुसत्या वाळल्या काडात एका नत्रामागे कर्ब ऐंशीच्या घरात असतो, म्हणून काड एकटं लवकर कुजत नाही. शेण किंवा हिरवा पाला मिसळला की गाडी चालू होते. ओल किती? मूठभर माल घट्ट पिळायचा. बोटांतून एखाद-दोन थेंब आले तर बरोबर, धार लागली तर जास्त, हात कोरडा राहिला तर कमी. ढीग आतून ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापला की तणांचं बी आणि बरेचसे रोगजंतू मरतात. त्याहून वर गेला तर उलथायचा. लोखंडी सळई ढिगात दहा मिनिटं खुपसून ठेवावी; बाहेर काढल्यावर हातात धरवत नसेल तर ढीग तापला आहे.

२४ जानेवारी

पहिलं वाचन. चौदा जणी आणि तीन पुरुष. मैत्रिणीने वाचलं, मी मागे बसून टिपत होते.

मुठीच्या परीक्षेला सगळ्यांनी माना डोलावल्या. सळई त्यांना आधीपासून ठाऊक होती. प्रकरण संपल्यावर भिंतीला टेकून बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "ताई, लिहिलंय ते सगळं खरं. पण पाट्या कोण वाहणार, ते कुठं लिहिलंय?"

खरोखरच कुठे लिहिलं नव्हतं. मी म्हटलं, बघते. त्या म्हणाल्या, "बघा. युरियाचं पोतं तो सायकलवर आणतो. शेणखत मी डोक्यावर नेते."

पुढे कोणी काही वाचायला सांगितलं नाही. चहा झाला आणि बैठक उठली.

२६ जानेवारी

दोन दिवस तो प्रश्न डोक्यात आहे. आज सहकाऱ्यांबरोबर बसून हिशेब मांडला.

युरियात ४६ टक्के नत्र. म्हणजे पोतं ५० किलोचं धरलं तर त्यात २३ किलो. चांगल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का धरतात. तेवढंच २३ किलो नत्र शेणखतातून द्यायचं तर ४६०० किलो खत लागेल. वीस किलोची एक पाटी धरली तर २३० पाट्या. उकिरडा आणि रान यांच्यात अर्धा किलोमीटर अंतर असेल तर जाऊन-येऊन २३० किलोमीटर, आणि त्यातलं ११५ किलोमीटर डोक्यावर वीस किलो घेऊन. हे फक्त एका पोत्याच्या बदल्यात. शिवाय शेणखतातलं सगळं नत्र पहिल्या वर्षी पिकाला मिळत नाही, बराच भाग पुढच्या वर्षांत हळूहळू सुटतो.

सहकाऱ्यांनी दुसरी बाजू मांडली आणि तीही खरी आहे. पोत्यातलं सगळं नत्रही पिकाच्या तोंडी पडत नाही, बरंच हवेत आणि पाण्यात जातं. शेणखतात नुसतं नत्र नसतं. स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश), सूक्ष्म अन्नद्रव्यं आणि मुख्य म्हणजे कर्ब असतो. तो माती भुसभुशीत ठेवतो आणि पाणी धरून ठेवतो, जे पोत्याला कधीच जमत नाही. म्हणून दोन्ही वजनं एका तराजूत टाकणं पूर्ण न्यायाचं नाही.

तरीही २३० पाट्या राहतातच. सेंद्रिय शेतीत खर्च वाचतो, असं आम्ही सगळे सांगत आलो. तो खर्च वाचतो तेव्हा त्याच्या जागी कोणाची तरी मान, कोणाचा तरी दिवस जातो. ज्या घरात पैसा नाही तिथे रोकड वाचणं ही मोठी गोष्ट आहे, यात शंका नाही. पण ती कशाच्या बदल्यात वाचली हे न सांगणारी पुस्तिका त्या मावशींच्या हातात द्यायची माझी तयारी नाही.

आकडा जसाच्या तसा छापायचा, असं तिघांचं ठरलं.

२७ जानेवारी

सहकाऱ्यांचा फोन. पाटी वीसची की पंधराची? मैत्रीण म्हणाली, ओल्या खताची वीसला सहज जाते. वीसच ठेवली.

३ फेब्रुवारी

नत्र डोक्यावरून वाहण्याऐवजी रानातच तयार करता येतं, हे प्रकरण आता कंपोस्टच्या आधी येईल.

कडधान्यांच्या मुळांवर गाठी येतात आणि त्यांतले रायझोबियम जिवाणू हवेतलं नत्र पकडतात. रोप हलक्या हाताने उपटावं, गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी-तांबूस रंग दिसला तर काम चालू आहे. पांढरट किंवा हिरवट असेल तर थांबलं आहे. ही परीक्षा पुस्तिकेत चित्रासह येणार, कारण ती कुणालाही कुठल्याही रानात, पैशाशिवाय करता येते. जमीन, ओल आणि पीक चांगलं असेल तर हेक्टरी काही दहा किलोंपासून शंभरावर नत्र असं जमा होतं. ताग, ढैंचा यांच्यासारखं हिरवळीचं पीक फुलावर येताना गाडलं तर ते सगळं तिथल्या तिथे मातीत जातं. बांधावर गिरिपुष्प लावलं तर कोवळ्या फांद्या छाटून खालीच पसरता येतात. पाटी उचलायची गरजच नाही, किंवा उचलली तरी बांधापासून ओळीपर्यंत.

इथे दोन गोष्टी झाकून ठेवायच्या नाहीत. कडधान्याचे दाणे विकले की नत्राचा मोठा हिस्सा दाण्यांबरोबर निघून जातो. मागे राहणारा पाला आणि मुळं मातीत गेली तरच जमिनीला काही मिळतं. आणि गाठी नत्र देतात, स्फुरद देत नाहीत. जमिनीत स्फुरद कमी असेल तर ते बाहेरूनच आणावं लागतं: हाडांच्या चुऱ्यातून, खनिजातून, दुसऱ्याच्या गोठ्यातल्या शेणातून.

हिरवळीच्या पिकाला रान दीड-दोन महिने अडकतं. ज्याच्याकडे एकच तुकडा आहे त्याला हे कसं परवडेल? याचं उत्तर आमच्याकडे तूर्त एवढंच आहे की ओळींच्या मधल्या जागेत घ्या. अर्ध्या तुकड्यावर करून बघा, असं लिहिलं.

१४ फेब्रुवारी

उत्पन्नाचं प्रकरण. आजवर सगळ्यांत जास्त वेळ याला गेला, कारण दोन्हीकडचे लोक आपापल्या सोयीचा आकडा हातात घेऊन भांडतात.

२०१२मध्ये नेचर या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात सेंद्रिय शेतीचं उत्पादन रासायनिकपेक्षा ५ ते ३४ टक्के कमी आढळलं. पीक, जमीन आणि निगा यांनुसार एवढा फरक. कडधान्यं, बहुवर्षायू पिकं आणि चांगली निगा असेल तिथे घट थोडी. उलट २००८च्या संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात आफ्रिकेतल्या २४ देशांतले ११४ प्रकल्प पाहिले होते आणि सेंद्रिय किंवा त्याच्या जवळच्या पद्धतींनी उत्पादन सरासरी दुपटीहून वर गेलं होतं.

दोन्ही खरं कसं? सुरुवात कुठून झाली हे बघितलं की कोडं सुटतं. भरपूर खत, पाणी आणि औषध मिळणाऱ्या रानातून ते काढून घेतलं तर उत्पादन उतरतं. ज्या रानाला आजवर काहीच मिळालं नव्हतं, बांध फुटलेला, माती वाहून गेलेली, तिथे शेणखत, आच्छादन आणि कडधान्य आलं तर ते चढतं. गरीब कुटुंबाचं रान बहुधा दुसऱ्या प्रकारचं असतं. म्हणून आपण कुठे उभे आहोत हे प्रत्येक घराने आधी ओळखावं, मग कुठला आकडा आपला ते बघावं.

पैशाचं: २०१५मध्ये ५५ पिकांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. जादा भाव मिळाला तर सेंद्रिय शेती २२ ते ३५ टक्के अधिक फायद्याची ठरली. जादा भाव काढून टाकला तर ती मागे पडली. बरोबरीला यायला ५ ते ७ टक्के जादा भाव पुरेसा होता. मजुरीचा खर्च मात्र सेंद्रियकडे जास्तच. इथेही पाट्या आल्याच.

हे सगळं सव्वा पानात बसवलं. सहकाऱ्यांना तक्ता हवा होता. मोठ्याने वाचताना तक्ता मरतो, म्हणून वाक्यंच ठेवली.

२२ फेब्रुवारी

गटाबरोबर काम करणाऱ्या मैत्रिणीने आज जे सांगितलं ते मला नऊ प्रकरणांत सगळ्यांत मोलाचं वाटतं.

ती म्हणाली, गरीब घरात वर्षाचा हिशेब कधी मांडलाच जात नाही, महिन्यांचा मांडला जातो. पैसा लागतो पेरणीच्या तोंडावर आणि येतो मळणीनंतर. मधले महिने उधारीचे. बी, खत, औषध उधारीवर आलं की माल निघायच्या आधीच त्याच्यावर दुसऱ्याचं नाव पडतं. ज्याने उधार दिलं त्यालाच माल घालायचा, तोही भाव पडलेला असताना, कारण थांबायची सोय नाही.

हे लक्षात घेतलं की सेंद्रिय शेतीचा खरा नफा दिसतो. घरचं बी, रानातलं नत्र, स्वतः केलेला निंबोळी अर्क यांनी उत्पादन वाढो न वाढो, पेरणीच्या तोंडावरची उधारी कमी होते. पाऊस दगा देतो त्या वर्षी रासायनिक शेती करणाऱ्याचे कष्टही बुडतात आणि कर्जही राहतं. दुसऱ्याचे कष्ट बुडतात, पण डोक्यावर व्याज चढत नाही. पुढच्या पेरणीला तो उभा राहू शकतो. गरिबी कमी होणं म्हणजे काय, असं मला कोणी विचारलं तर मी आधी हेच सांगेन: एक वाईट वर्ष आलं तरी जमीन किंवा जनावर विकावं न लागणं.

म्हणून पुस्तिकेत उत्पन्नाच्या तक्त्याऐवजी बारा महिन्यांचं कॅलेंडर येणार. कुठल्या महिन्यात पैसा बाहेर जातो, कुठल्या महिन्यात उधारी होते, त्यातली कुठली टाळता येते. घराने स्वतः भरायचं.

५ मार्च

घाई करू नका, हे सांगणारं पान. श्रीलंकेत २०२१मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी आली. पर्यायी खत पुरेसं नव्हतं, शिकायला वेळ नव्हता. भात आणि चहा दोन्हींना फटका बसला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बंदी मागे घेतली गेली. ही गोष्ट सांगायला मन धजत नव्हतं. सेंद्रियवाल्यांनी ती लपवली की विरोधक ती उघडतात, आणि मग आपलं बाकीचंही कोणी ऐकत नाही. म्हणून आपणच सांगायची. माती एका हंगामात बदलत नाही, माणसंही नाहीत.

नियमसुद्धा हेच धरून चालतात. रासायनिकवरून सेंद्रियवर येताना माल सेंद्रिय म्हणून विकण्याआधी जो काळ जावा लागतो तो संक्रमणकाळ: युरोपात हंगामी पिकांना पेरणीआधी दोन वर्षांचा आणि फळबागांना तीन वर्षांचा, अमेरिकेत तीन वर्षांचा. या काळात उत्पादन उतरलेलं असू शकतं आणि जादा भाव अजून मिळत नसतो. गरीब घराला सगळ्यांत जास्त मार हाच काळ देतो. आमचा सल्ला: रानाचा एक तुकडा आधी वळवा, बाकीच्यावर घर चालू द्या.

आणखी एक ठरलं. ज्या बाई अजून थोडं रासायनिक खत वापरतात त्यांना कमी लेखणारा एकही शब्द पुस्तिकेत नको. सगळी पानं पुन्हा चाळून 'शुद्ध' हा शब्द चार ठिकाणांहून काढला.

१८ मार्च

विश्वासाचं प्रकरण.

बाहेरच्या तपासनीसाकडून प्रमाणपत्र घेणं एकट्या लहान शेतकऱ्याच्या आवाक्यात नसतं. त्यावर जगभरच्या लहान शेतकऱ्यांनीच वाट काढली. ब्राझीलमध्ये १९९८पासून इकोविदा नावाचं जाळं उभं राहिलं. गट एकमेकांची शेतं बघतात, ग्राहकही येतात आणि मिळून हमी देतात. २००४मध्ये ब्राझीलमधल्याच टोरेस गावी देशोदेशीचे असे गट एकत्र बसले आणि या पद्धतीला सहभागी हमी हे नाव रूढ झालं. कागदपत्रं कमी, भेटी जास्त. शेजारीण येऊन रान बघते, खताचा खड्डा बघते, फवाऱ्याचा वास घेते आणि सही करते.

लिहून झालं तेव्हा मी समाधानी होते. संध्याकाळी वाचन होतं. एका तरुण सुनेने हात वर केला: "समजा माझ्या सख्ख्या जावेच्या रानात औषधाची बाटली दिसली. मी सही केली तर खोटं, नाही केली तर घरात राहायचं कसं?"

कोणी हसलं नाही. प्रत्येकीला आपापली जाऊ आठवली असणार. जवळचं नातं विश्वास देतं आणि तेच नातं तोंड बंदही करतं.

२१ मार्च

जावेचा प्रश्न. दोन दिवसांत तिघांनी मिळून उत्तर बांधलं.

सामाईक गोष्टी लोक कशा टिकवतात यावर एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आयुष्यभर अभ्यास केला. १९९०मध्ये त्यांचं त्यावरचं पुस्तक आलं आणि २००९मध्ये त्यांना नोबेल मिळालं. स्वित्झर्लंडमधल्या टोरबेल गावाचा दाखला त्या देतात. तिथे १५१७चा लेखी नियम आहे: हिवाळ्यात स्वतःच्या वैरणीवर जेवढ्या गाई पोसता येतील तेवढ्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर सोडायच्या. नियम साधा, मोजता येण्याजोगा आणि सगळ्यांना पाठ. त्यांनी टिकलेल्या सगळ्या व्यवस्थांत आणखी एक गोष्ट पाहिली: पहिल्या चुकीला मोठी शिक्षा नसते. आधी समज, मग छोटा दंड, वाढत वाढत शेवटी बाहेर काढणं.

यावरून आम्ही असं लिहिलं. रान बघायला दुसऱ्या वस्तीवरच्या गटाने यावं, सोयऱ्यांनी नको. भेटीला किमान तिघीजणी, आणि दरवेळी वेगळ्या. सही एकीची कधीच नको. बाटली सापडली तर पहिल्यांदा तो तुकडा पुन्हा संक्रमणात टाकायचा, माणसाला नाही. आणि ज्या बाईने स्वतःहून सांगितलं की कीड आवरेना म्हणून फवारलं, तिला गटाने आधी विचारायचं: मदतीला कोण कोण गेलं होतं?

हे शेवटचं वाक्य मैत्रिणीचं. मी त्यातला काना-मात्राही बदललेला नाही.

३० मार्च

भूमिहीनांचं प्रकरण नवव्या क्रमांकावर होतं आणि त्यात दीड पान होतं. आज त्याचं दीड पान वाचलं आणि लाज वाटली.

शेण कोणाचं, हा प्रश्न तिथे यायलाच हवा होता. गायरानातलं, वाटेवरचं शेण वेचून गोवऱ्या थापणारी बाई बहुतेक वेळा जमीन नसलेलीच असते. तिच्या चुलीचं ते जळण. सगळ्या वस्तीने कंपोस्ट सुरू केलं की शेणाला किंमत येते आणि गोठ्यातलं कोणी तिला उचलू देत नाही. शेतकऱ्याची माती सुधारते, तिची चूल विझते. आमच्या कामातून असं कुठेही होऊ शकतं आणि ते कुठल्याही अहवालात दिसणार नाही, कारण अहवाल शेतकऱ्यांना विचारून लिहिला जातो.

वाट्याने किंवा खंडाने करणाऱ्याचंही तसंच. माती सुधारायला तीन-चार वर्षं लागतात. करार मात्र एका वर्षाचा, तोही तोंडी. त्याने बांध घातला, हिरवळ गाडली, जमीन काळी झाली की मालकाला ती स्वतः कसावीशी वाटते. त्याने माती का सुधारावी?

प्रकरण नव्याने लिहिलं. जमीन सामाईक किंवा पडीक असेल तर ती गटाने बऱ्याच वर्षांसाठी लेखी कराराने घ्यावी आणि करारात मातीचा उल्लेख असावा. कुळाने रान सोडताना त्याने घातलेल्या खताची, लावलेल्या झाडांची भरपाई कशी मोजायची, हे सुरुवातीलाच ठरवावं. शेण देण्याघेण्याचा हिशेब गटात उघड ठेवावा. खत करणं, रोपं करणं, बी राखणं, अर्क काढणं ही कामं जमीन नसलेल्या बायांना मजुरीवर मिळावीत, फुकट नाहीत. आणि जळणासाठी सामाईक जागेत झाडं लावण्याचं काम कंपोस्टच्या आधी सुरू व्हावं.

शेवटच्या मुद्द्यावर सहकारी म्हणाले, झाडं वाढायला वर्षं लागतात, मग कंपोस्ट तोवर थांबवायचं का? थांबवायचं नाही. पण तोवर शेणाचा ठरावीक वाटा चुलीसाठी सोडायचा, हे लिहायचं. वाटा किती, ते गटाने ठरवावं.

२ एप्रिल

भूमिहीनांचं प्रकरण नवव्या जागेवरून पहिल्या जागेवर आणलं. कंपोस्ट आता चौथं.

१९ एप्रिल

एकत्र शिकण्याचं प्रकरण. हे लिहिताना मजा आली.

इंडोनेशियात भातावर तपकिरी तुडतुडे एवढे माजले होते की जितकी फवारणी वाढे तितके ते वाढत, कारण औषधाने त्यांना खाणारे कोळी आधी मरत. १९८६मध्ये सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि १९८९पासून शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू झाल्या. हंगामभर दर आठवड्याला पंचवीस-तीस जण एका बांधावर भेटायचे, रोप निरखायचे, सापडतील ते किडे मोजायचे आणि मोठ्या कागदावर त्यांची चित्रं काढायचे. मित्रकीटक एका बाजूला, शत्रू दुसऱ्या बाजूला. मग फवारायचं की नाही, हे मिळून ठरवायचं. शिकवणारा उत्तर देत नाही, उलट विचारतो: तुम्हाला काय दिसलं? क्युबात १९९७पासून शेतकऱ्याने शेतकऱ्याला शिकवायची चळवळ राष्ट्रीय शेतकरी संघटनेने उचलली आणि दहा-बारा वर्षांत लाखाच्या वर कुटुंबांपर्यंत नेली.

दोन्हींत मला एक गोष्ट सारखी दिसते. अक्षर न येणारी व्यक्तीही तिथे मागे पडत नाही. किडा ओळखायला आणि काढायला शाळा लागत नाही. ज्या बाईला आजवर बैठकीत कोणी विचारलं नाही, ती पानाच्या खालच्या बाजूची अंडी सगळ्यांत आधी शोधते, कारण खुरपताना तिचे डोळे तिथेच असतात. त्या दिवसापासून तिला विचारलं जातं.

११ मे

सावडीवर एक पान हवं होतं. एकमेकांच्या रानात फिरून फिरून कामाला जायचं, मजुरी कामानेच फेडायची. असा शब्द कितीतरी भाषांत आहे: हैतीत कोनबित, अँडीज पर्वतातल्या लोकांत मिंगा, इंडोनेशियात गोतोंग रोयोंग. सेंद्रिय शेतीला लागणारे जादा हात गरीब घराला पैशाविना मिळण्याची हीच एक जागा.

पण सावड बरोबरीच्यांत चालते. ज्या घरात एकच बाई, म्हातारे सासू-सासरे आणि लहान मुलं, ते घर घेतलेले दिवस परत कसे फेडणार? दोनदा न फेडता आले की तिसऱ्यांदा तिला कोणी बोलवत नाही, आणि तीही लाजेने जात नाही. पुस्तिकेत लिहिलं: फेड दिवसांनीच व्हायला हवी असं नाही. बी निवडून देणं, रोपवाटिकेला पाणी घालणं, बाकीच्यांची मुलं सांभाळणं हेही दिवस म्हणून वहीत धरावं. आणि अशा घराच्या पाट्या गटाने आधी वाहाव्यात.

१२ मे

पानं सत्तरवर गेली. सहा कापायला हवीत. उत्पन्नाच्या प्रकरणातलं एक उदाहरण गेलं, प्रस्तावना पूर्ण गेली, हॉवर्ड यांच्यावरचा मजकूर अर्धा झाला. यशवंत वाड यांचं नाव राहिलं.

८ जून

शेवटचं वाचन. आकाश भरून आलं होतं आणि सगळ्यांना घरी जायची घाई होती, तरी कोणी उठलं नाही.

आता पहिल्या प्रकरणानंतर लगेच २३० पाट्यांचं पान येतं. त्याखाली एक रिकामा तक्ता आहे: पाट्या किती, कुठून कुठे, कोणी वाहिल्या, त्या दिवसाची मजुरी किंवा फेड कोणाला मिळाली. जानेवारीत प्रश्न विचारणाऱ्या मावशी आज पुढे बसल्या होत्या. त्यांनी पान मागून घेतलं, नातीकडून पेन घेतलं आणि सावकाश भरायला लागल्या. मग थांबल्या.

"ताई, 'कोणी वाहिल्या' म्हणून हा एकच रकाना दिलाय. आम्ही दोघी आहोत, मी आणि माझी सून. तिचं नाव कुठं घालू?"

मैत्रिणीने माझ्याकडे बघितलं. मी पान परत घेतलं आणि तिथेच पट्टीने रेघा मारल्या. एका रकान्याचे चार केले. रात्री फाइलमध्येही तसेच केले. उद्या सकाळी ती छपाईला जाईल.